उणे वाऱ्याचा विभाग

३ जानेवारी

वन्सं,

आणि वर लिहिता, वहिनी, रागावू नका! रागावू नको तर काय पाठ थोपटू तुमची? अख्ख्या देशाचा वाऱ्याचा तक्ता छापलात, रंगीत, गुळगुळीत कागदावर, आणि आमचा विभाग सगळ्यात खाली. जिन्याखाली केरसुणी ठेवतात तसा. उंच पठाराला गडद निळा रंग. किनाऱ्याला जरा कमी निळा. मधल्या खोऱ्यांना फिका का होईना, पण निळा. आणि आम्हाला? पांढरा. म्हणजे रंगच नाही. खाली मुंगीएवढ्या अक्षरात काय लिहिलंय ते मी माझं कामाचं भिंग लावून वाचलं. 'पवनचक्की एक. बंद.'

बंद कोण म्हणतं? तुम्ही राजधानीत चौथ्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकणार, आणि इथे तुमच्या सख्ख्या भावाच्या तोंडचं पाणी पळणार. तो तक्ता आला त्याच्या पाठोपाठ कागद आला, चक्की काढून दुसरीकडे नेण्याचा विचार चालू आहे म्हणून. तुमच्या दादांनी तो वाचला, घडी करून खिशात घातला, आणि तेलाची बुधली उचलून निघून गेले. हा माणूस भांडत नाही हेच माझं मोठं दुखणं आहे. त्यांच्या वाटणीचंही मलाच भांडावं लागतं.

मला शिकवू नका की आमच्याकडे वारा नाही. तुम्हीही इथेच वाढलात. गाव बशीसारखं, चारी बाजूंनी डोंगर. चिमणीतून धूर निघतो तो सुतासारखा सरळ वर जातो, आणि आभाळाला कुठेतरी गाठ मारून थांबतो. दोरीवरचे कपडे शाळेतल्या पोरांसारखे सरळ उभे. म्हणून तर वर्खाचं काम इथे टिकलं. दुसरीकडे कुठे बसून दाखवा म्हणावं सोन्याचा वर्ख लावायला! कुंचला गालावर फिरवायचा, वर्ख हलकेच उचलायचा, श्वास धरायचा, तसबिरीच्या चौकटीवर टेकवायचा. शेजारी कुणी हुश्श केलं तरी सोनं चाललं उडून. तुमचे दादा म्हणतात, देवाने हिला हे काम दिलं म्हणून गावाला दिवसातून चार घटका शांतता मिळते. म्हणू देत.

तर ही चक्की आणली तेव्हा सगळ्यात मोठ्याने मीच हसले होते. 'प्रत्येक विभागात निदान एक' असा म्हणे हुकूम होता. मिळाली आम्हाला एक. घड्याळं दुरुस्त करणारे तुमचे दादा तिचे राखणदार झाले. रोज जायचं, पुसायची, तेल घालायचं, घरी यायचं. पाखरांनी वर घरटी केली. लोक म्हणायचे, मुलाला पाळण्यात घालून हलवायचंच विसरले.

पण वन्सं, ती फिरते. मी फिरताना बघितली आहे, माझ्या ह्या डोळ्यांनी. एकदा मी ह्यांना चिडून म्हटलं, किती वर्षं तेल पाजताय तिला, मी मरायच्या आत एकदा तरी फिरू दे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, संध्याकाळी, मी काम आवरून खिडकीची काच पुसत होते. छपरांच्या पलीकडे ती दिसते. आणि ती तिन्ही पाती हलली. अगदी हळू. झोपेत कुणी कूस बदलावी तशी. मागे उन्हं, पुढे ती पांढरी पाती, आणि छपरांवरून त्यांची सावली एकामागून एक जाते आहे, जणू कुणीतरी लांबून हात फिरवतंय. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. हे घरी आले तेव्हा मी दारातच सांगितलं, अहो, आज वारा आला! हे म्हणाले, हो का?

तेव्हापासून अधूनमधून फिरते. संध्याकाळीच. मी काम आवरते त्या वेळेला. आता मला सांगा, ह्याला बंद म्हणतात?

तो तक्ता दुरुस्त करा. आमच्या रकान्यात लिहा, फिरते म्हणून. चक्की गेली तर हा माणूस परत घड्याळांकडे वळायचा नाही, भिंतीकडे बघत बसेल. मी ओळखून आहे. तुमच्याच्याने होत नसेल तर तसं सांगा, मी तुमच्या मोठ्या साहेबाला लिहिते. चौथीपर्यंत शिकलेय, पण तेवढं पुरतं.

तुमची वहिनी


९ जानेवारी

वहिनी,

आधी हात जोडते. मोठ्या साहेबांना पत्र लिहू नका. लिहिलं असेल तर टाकू नका. खाली का ते सांगते, पण हे वाक्य दोनदा वाचा आणि मगच पुढे जा.

तक्त्याचं आधी सांगते. तो वाऱ्याचा तक्ता नाही, वहिनी, क्षमतेचा आहे. कुठल्या विभागात किती चक्क्या उभ्या आहेत, आणि वारा भरपूर मिळाला तर त्या मिळून किती वीज देऊ शकतील, एवढंच तो सांगतो. किनाऱ्यावर पठाराइतकाच वारा आहे, पण चक्क्या निम्म्याही नाहीत, म्हणून रंग कमी. मधल्या खोऱ्यांत वारा बरा आहे, पण तिथल्या लोकांना चक्क्या नको आहेत, म्हणून फिका. आपल्या विभागाला एका चक्कीपुरता का होईना पण रंग मिळालाच असता. तो मीच काढला. मीच 'बंद' लिहिलं. तुम्ही मला शिव्या द्याल हे ठाऊक असूनही लिहिलं.

कारण तक्त्याला अजून एक रकाना आहे, तो छापत नाहीत. खरोखर किती वीज आली त्याचा. पठाराच्या समोर मोठमोठे आकडे. किनाऱ्यासमोर, खोऱ्यांसमोर, सगळ्यांसमोर काही ना काही. आपल्या विभागासमोर शून्य असायला हवं होतं. शून्य नव्हतं. उणे होतं. अख्ख्या देशात उणे असलेला एकच विभाग, आपला.

आमच्या खोलीत सगळे हसले. कुणी म्हणालं, हे लोक वारा गिळतात की काय. मी नाही हसले. मला कळलं होतं. मी दादाला फोन केला. त्याने आधी टोलवाटोलवी केली, मग खरं सांगितलं.

वहिनी, चक्कीतून वीज तारेत जाते, तशी तारेतून उलटी चक्कीत सोडता येते. मग वारा नसतानाही पाती फिरतात. दुरुस्तीच्या वेळी क्षणभर तसं करतात. दादा ते संध्याकाळी करत होता. मी विचारलं, अरे पण का? तर म्हणाला, "ती त्या वेळेला खिडकीशी येते."

बस्स. एवढंच म्हणाला.

मला वाटलं, 'बंद' लिहिलं की त्या ओळीकडे कुणी बघणार नाही. बंद चक्कीचा हिशेब कोण विचारतो? चक्की हलवण्याचं आपोआप निघालं, ते माझ्या हातात नव्हतं. पण तुम्ही साहेबांना लिहिलंत की संध्याकाळी फिरते, तर ते त्या रकान्याकडे बघतील, आणि सरकारी वीज बायकोला दाखवण्यात घालवली म्हणून दादाची नोकरी जाईल. चक्की राहील की जाईल ती जाऊ दे. तो जायला नको.

आणि त्याला सांगू नका, मी तुम्हाला सांगितलं म्हणून. त्याने मला शपथ घातली होती.

तुमची वन्सं


१४ जानेवारी

वन्सं,

उशीर झाला. माझं पत्र गेलं. तुम्हाला लिहिलं त्याच दिवशी साहेबालाही लिहिलं. तुमच्या उत्तराची वाट बघेन एवढा दम माझ्यात कधी होता? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुमचं पत्र वाचून मी टपालपेटीपर्यंत धावत गेले, जणू ती पेटी इतके दिवस माझं पत्र पोटात धरून बसली असेल. पेटीवर हात ठेवून उभी राहिले. शेजारची पाववाली म्हणाली, ताई, तिला ताप आलाय का?

घरी आले. कामाला बसले नाही. मन थाऱ्यावर नसताना वर्खाला हात लावायचा नसतो.

मग संध्याकाळ झाली. मी एक केलं. ती खिडकी मी कधी उघडत नाही, कामाची खोली ना, तिच्या फटींनासुद्धा कागद चिकटवलेला. तो फाडला आणि खिडकी उघडली. वर्खाचा एक तुकडा घेतला, नखाएवढा, आणि बाहेरच्या कठड्यावर ठेवला. आणि बसले.

पाती हलली. वन्सं, तुम्हाला काय सांगू. सगळं गाव तसंच होतं, धूर सरळ, कपडे सरळ, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि त्या सगळ्याच्या वर ती तेवढी फिरत होती. आवाज नाही. सावली छपरांवरून आली, अंगणातून गेली, माझ्या हातावरून गेली. आणि कठड्यावरचं सोनं जागचं हललं नाही. माझ्या श्वासाने उडणारं सोनं! इतके दिवस मी बंद काचेआडून बघत होते आणि वारा आला, वारा आला करत होते. जिचा जन्म वाऱ्याला घरात येऊ न देण्यात गेला तिला वारा ओळखता येऊ नये? मला स्वतःवर हसू आलं, आणि मग ते हसू भलतीकडेच वळलं, तुम्हाला काय लिहायचं ते.

मला वाटलं, मी ह्या माणसाला आज आल्याआल्या फाडून खाणार. सरकारची वीज, नोकरी, ह्या वयात हे चाळे. सगळं तोंडाशी तयार होतं. हे आले. चपला काढल्या. माझ्याकडे बघितलं, रोज बघतात तसं, आपण चांगली दुरुस्त केलेली घड्याळं गिऱ्हाइकाला आवडली का ते बघावं तसं.

मी म्हटलं, "आज वारा चांगला होता."

"हो का?" म्हणाले.

"हो. कालच्यापेक्षा बरा होता."

"असेल," म्हणाले, आणि हात धुवायला गेले. नळाशी उभं राहून गुणगुणत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस गुणगुणतो हे मला ठाऊक नव्हतं.

मी काही सांगितलं नाही. आता तुम्ही सांगा काय करायचं. तुम्ही शिकलेल्या आहात. माझं पत्र साहेबाच्या टेबलावरून उचला, चोरा, त्याच्यावर चहा सांडा. काहीही करा. पण ह्यांना वाचवा.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही ठरतच नव्हतं. चहा सांडायला उशीर झाला होता. साहेबांनी मला बोलावलं तेव्हा तुमचं पत्र त्यांच्या हातात होतं. आपल्या आडनावावरून त्यांनी ओळखलं. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, मला लिहिलीत तीच 'झोपेत कूस बदलावी तशी' ही ओळसुद्धा. 'आपण कधी वाऱ्याचं तोंड पाहिलं आहे का' हा प्रश्नही. वहिनी, असं लिहितात का साहेबांना?

मग म्हणाले, "ही बाई म्हणते फिरते. आपला आकडा म्हणतो उणे. खरं काय?"

मी म्हटलं, "दोन्ही खरं आहे, सर." आणि मग मला राहवलं नाही, सगळं सांगितलं. खिडकी, काच पुसणं, सगळं. मला वाटलं, झालं, आता दादाबरोबर माझीही गेली.

साहेबांनी खुर्ची वळवली. त्यांच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "माझ्या घरी कुणी खिडकीशी येत नाही." आणि त्या उणे आकड्यासमोर स्वतःच्या हाताने 'चाचणीसाठी' असं लिहिलं आणि सही केली. पण म्हणाले, हे एकदाच. ह्यापुढे एकसुद्धा संध्याकाळ नाही.

चक्की मात्र जाणार. ते थांबत नाही. उंच पठारावर नेतील, तिथे एक जागा रिकामी आहे. दादाला तिच्यासोबत जाता येईल, तीच नोकरी, राहायला खोली. नाहीतर नोकरी सोडावी लागेल.

दादाला विचारलं. म्हणाला, सांगतो. आता आठवडा झाला. तो तुम्हाला विचारणार नाही, वहिनी. तुम्ही नको म्हणालात तर तो गपचूप राहील आणि आतून मरेल. आणि येते म्हणालात तरी त्याला पटणार नाही, कारण पठारावर तुमच्या वर्खाचं काय? तिथे चहाच्या कपातला चहासुद्धा एका बाजूला कलतो म्हणतात. म्हणून मी विचारते आहे. काय लिहू मी?

तुमची वन्सं


२ मे

वन्सं,

'जा' म्हटलं ते मी तुम्हाला तेव्हाच कळवलं होतं, एका ओळीत. जास्त लिहिण्यासारखी मनःस्थिती नव्हती. आता लिहिते.

पाती नेली तो दिवस तुम्ही बघायला हवा होता. एकेक पातं गल्लीएवढं लांब. गाडी मुंगीच्या पावलाने चालत होती. पाववालीच्या कोपऱ्यावर वळेना, तेव्हा तिच्या दुकानाची पाटी काढावी लागली. सगळं गाव दारात. कुणी बोलत नव्हतं, झोपलेलं माणूस उचलून नेताना बोलत नाहीत तसं. तुमचे दादा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर तेलाची बुधली. मला म्हणाले, जपून राहा. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? आणि आत येऊन कामाला बसले. त्या दिवशी चार वर्ख वाया घालवले.

मग घर काय शांत झालं म्हणून सांगू. आधी काम करताना मी गप्प असायचे, आता काम संपलं तरी गप्प. संध्याकाळी खिडकीशी जाते. छपरांच्या पलीकडे आभाळ आहे. त्यात एक भोक पडल्यासारखं वाटतं, चक्कीच्या आकाराचं. एकदा स्वप्नात आलं की ती फिरतेय आणि खोलीतलं सगळं सोनं उठून तिच्याकडे चाललंय, एकामागून एक, ओळीने, पाखरांसारखं, आणि मी खाली उभी राहून त्यांना रस्ता सांगतेय.

शेवटी मीच गेले. न कळवता. पठार म्हणजे वन्सं, जमीन संपून आभाळात चालल्यासारखं. गवत एका अंगावर झोपलेलं. लांबपर्यंत चक्क्या, रांगेने, आणि सगळ्या फिरताहेत. तुमचा गडद निळा रंग मला तेव्हा कळला. आमची लगेच ओळखली. बुटकी, पाखरांच्या घरट्यांचे डाग अजून अंगावर. पण काय फिरत होती! इथे कूस बदलायची, तिथे जागी झाली होती. हे खाली उभे होते. मला वाटलं, चक्कीकडे बघत असतील. तर माझ्याकडे बघत होते, मी वळणावर दिसल्यापासून. मी जवळ गेले तर म्हणाले, "ही मी नाही फिरवलेली."

मी म्हटलं, "ठाऊक आहे. तेव्हाचं पण ठाऊक होतं." त्यांचा चेहरा असा झाला, वन्सं, की मी लगेच भांडायला विषय शोधला. खोली किती घाण ठेवलीय म्हणून सुरू केलं.

त्यांच्या खोलीत मी वर्ख काढून बघितला. फटी बुजवल्या, दाराला रजई लावली. तरी गेला. पहिला छताला चिकटला. दुसरा दारातून बाहेर. हे त्याच्या मागे गवतातून धावत गेले, ह्या वयात, दोन्ही हात पुढे करून. सोनं पुढे, हे मागे, लांब लांब होत गेले. दोघंही उन्हात चकाकत होते. धापा टाकत परत आले, मूठ उघडली, आत काहीच नव्हतं. हसत होते. मला हसू आलं नाही. मला वाटलं, बस्स, हे असंच राहणार. हे इथे, मी तिथे, आणि मधे पत्रं.

दुसऱ्या दिवशी हे चक्कीला तेल घालायला निघाले. मीही गेले. बुंध्याला छोटं लोखंडी दार आहे. आत शिरून दार लावलं, आणि वन्सं, जग बंद झालं. गोल खोली, खिडकी नाही, वर बघावं तर उंचच उंच अंधार. बाहेर वारा दारावर थापा मारतोय आणि आत वर्खाला परवडेल अशी शांतता. नुसती एक घरघर पायातून वर येते, मांजराला मांडीवर घेतल्यासारखी. मी पिशवीतून वर्ख काढला. तळहातावर ठेवला. थरथरला. पण उडाला नाही. हे श्वास धरून उभे होते. मी म्हटलं, घ्या आता श्वास, तुम्हाला कुणी सांगितलंय?

तर आता नीट ऐका. मला ती तळाची खोली हवी. दिवसा, ह्यांच्या कामाच्या वेळेत. एक बैठं टेबल, एक दिवा, बस्स. तारांना हात लावणार नाही, वर चढणार नाही, चक्कीची वीजसुद्धा नको, दिवा मी माझा आणते. नियमात बसत नाही म्हणू नका. वारा नसलेल्या गावात चक्की उभी केली ती कुठल्या नियमात होती? आणि साहेबाला सांगा, अख्ख्या पठारावर वारा नसलेली एकच जागा आहे, तिचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. ते ऐकतील. नाही ऐकलं तर मी परत लिहीन त्यांना, आणि ह्या वेळी चार पानं लिहीन, हेही सांगा.

परत आलेय ती बांधाबांध करायलाच, घराची किल्ली मी शेजारणीकडे देणार आहे. शुक्रवारी सामानाची गाडी वर जातेय, ड्रायव्हर म्हणतो तुम्हाला नि तुमच्या चौकटींना नेतो, पण आदल्या दिवशी नक्की सांगा. तेव्हा गुरुवारी दुपारच्या आत मला उत्तर पाहिजे. पत्राने जमत नसेल तर पाववालीच्या दुकानात फोन करा. ती हाक मारेल. हो की नाही, एवढंच सांगा, आणि नाही असेल तर साहेबाचा फोन नंबर त्याच्यासोबत सांगा.

वहिनी